फायटिंग किती?

२०२५ च्या दिवाळीत कितीतरी वर्षांनी आम्ही चौघेही एकाच वेळी वडशाला होतो. एक राइस मिलवाला, एक झेडपीचा मास्तर, एक पोलीस आणि चौथा मी, पुण्यात संगणकापुढे बसून डोळे खराब करून घेणारा. (नावं लिहिली तर मार खावा लागेल, तेव्हा धंद्यावरूनच ओळखा.) भाऊबीज होती. ताईकडून ओवाळून घेतलं, अनारसे हाणले आणि रात्री दहाच्या सुमारास मिलवाल्याच्या माडीवर जमलो. टीव्ही भिंतभर. यूट्यूबवर सगळं जुनं फुकट पडलेलं आहेच.

"काय लावू बे?"

"मिथुनचा लाव."

"कोनता?"

आणि मास्तर, ज्याला आता जवळचा चष्मा आणि दोन पोरं आहेत, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "फायटिंग किती हायेत त्याच्यात?"

हसून हसून पुरेवाट झाली. कारण लहानपणी पिक्चरबद्दल आमचा एवढा एकच प्रश्न असायचा. हिरो कोण, डायरेक्टर कोण, स्टोरी काय, हे सगळं नंतर. पोलीस मित्राकडे तर तेव्हा दोनशे पानी वही होती. त्यात पिक्चरचं नाव, तारीख आणि पुढे फायटिंगचा आकडा. पाचच्या खाली आकडा असला की पुढे "बोगस" असा शेरा.

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत सगळं चंद्रपुरातच. आजोबा तर शेवटपर्यंत "चांदा जिल्हा" म्हणत. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला मिरवायला वर्षानुवर्षं एकच रेल्वे स्टेशन होतं, ते आमचं. गोंदियाहून चांदा फोर्टला जाणारी छोटी लाइन, ती १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. पलीकडे वैनगंगा, नदी ओलांडली की ब्रह्मपुरी. सगळीकडे धानाच्या बांध्या, आणि पूर्व-दक्षिणेला गेलात की जंगल सुरू, ते थेट छत्तीसगडात.

तर या गावात पिक्चर कसा यायचा? टॉकीज होती, पण तिकिटाला पैसे आणि घरच्यांची परवानगी या दोन गोष्टी एकाच दिवशी मिळत नसत. आमचा खरा सिनेमा म्हणजे व्हीसीआर. धान निघालं, पुंजणे लागले, थंडी पडली की एखाद्या मोहल्ल्यात वर्गणी निघायची. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, असा एका रात्रीचा भाडेकरार. टीव्ही कधी सायकलवर पोत्यात गुंडाळून, तर आसपासच्या खेड्यात न्यायचा असेल तर बंडीत तणसावर ठेवून. टीव्हीबरोबर एक माणूस पण यायचा. तो ऑपरेटर. त्याचा रुबाब तहसीलदाराला नसेल! चित्र हलायला लागलं की तो उठायचा, खिशातून कोरी नोट काढायचा, आणि व्हीसीआरचं झाकण उघडून त्या नोटेने हेड पुसायचा. आम्ही श्वास रोखून. चित्र सरळ झालं की टाळ्या. त्या टाळ्या ऑपरेटरला होत्या, मिथुनला नव्हे.

व्हिडिओच्या चोरट्या कॅसेटींवर कायदा १९८४ सालीच कडक झाला होता म्हणे. वडशापर्यंत यायला त्याला गाडी मिळाली नसावी. आमच्या कॅसेटींवर खाली सतत कुठल्यातरी दुकानाच्या जाहिरातीची पट्टी धावत असे. नागपूरच्या साड्यांच्या दुकानांची नावं मला अशी पाठ झाली.

तीन पिक्चरचा क्रम ठरलेला. पहिला देवाधर्माचा किंवा रडका, बायाबापड्यांसाठी. 'जय संतोषी माँ' मी याच क्रमात किती वेळा अर्धा पाहिला देव जाणे. दुसरा "फॅमिली". आणि रात्री एक-दीडला, बाया घरी गेल्या, म्हातारे तिथेच घोंगडीत लुडकले की तिसरा, मारधाडीचा. आम्ही पहिल्या दोन पिक्चरना झोपून घ्यायचो. तिसऱ्याला उठवायची ड्यूटी पोलीस मित्राची. (तेव्हा तो पोलीस नव्हता हे उघड आहे, पण ड्यूटी तेव्हापासूनचीच.) तो पायाचा अंगठा ओढून उठवायचा. एकदाही चुकला नाही.

आता थोडा इतिहास. कारण हे मारधाडीचे स्वस्त पिक्चर काही आमच्या व्हीसीआरबरोबर जन्मले नाहीत.

मुंबईत वाडिया बंधूंनी १९३५ ला 'हंटरवाली' काढला, ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया चाबूक घेऊन घोड्यावर बसली आणि स्टंटपटांची लाट आली. आणि आपल्याला 'अलबेला'मुळे (१९५१) माहीत असलेले भगवानदादा? त्या आधीची कितीतरी वर्षं ते हेच करत होते. हाणामारीचे, कमी पैशातले, झटपट काढलेले पिक्चर. बघणारे गिरणी कामगार आणि छोट्या गावांतले लोक. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ चा, अमरावतीचा. म्हणजे आपल्या वऱ्हाडातला माणूस! कुस्तीचा नाद, त्यामुळे मारामारी खरी वाटायची. ते बहुतेक पिक्चर आज उरलेलेच नाहीत. स्वस्त चित्रपट जपून कोण ठेवतो?

त्या स्वस्ताईची किंमत मात्र कोणीतरी मोजलेली असते. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवाननी ललिता पवारांना मारलेली थप्पड अशी बसली की चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. पुढे आपण सगळे त्या डोळ्यामुळे त्यांना "खाष्ट सासू" म्हणून ओळखायला लागलो. हे वाचल्यापासून जुन्या पिक्चरमधली कुठलीही थप्पड मला मजेत बघता येत नाही.

बाबांची पिढी दारासिंगची. १९६२ चा 'किंग काँग', मग १९६३ चा 'फौलाद', त्यात मुमताज. बाबा नागपूरला शिकत होते तेव्हा हे सगळे त्यांनी बघितले, आणि आजही विषय काढला की ते खुर्चीतल्या खुर्चीत दंड थोपटतात. आम्हाला मात्र "काय तो मिथुन, सारखा नाचतो" म्हणून नाव ठेवायचे. पिढ्यांचं भांडण म्हणायचं, दुसरं काय.

आणि आमची पिढी मिथुनची. यात फक्त आवड नव्हती, व्यापारही होता, हे मला फार उशिरा कळलं. सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पाडलेत त्यात आमच्या भागाला अजूनही "सी. पी. बेरार" म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार! तो प्रांत १९५० साली नावापुरताही संपला, १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वह्यांतून इंग्रजांचा प्रांत काही गेला नाही. या सर्किटच्या संघटनेचं मुख्यालय भुसावळला. म्हणजे आमच्या टॉकीजला काय लागणार हे मुंबईत नव्हे तर भुसावळ-अमरावतीत ठरायचं. आणि या धंद्याच्या भाषेत गावांना "ए सेंटर, बी सेंटर, सी सेंटर" म्हणत. लोक "सी ग्रेड पिक्चर" असं नाक मुरडून म्हणतात ना, तेव्हा मला नेहमी वाटतं की पिक्चरपेक्षा ते आमच्या गावाला ग्रेड देतायत.

या सी सेंटरांचं गणित मिथुनने बरोबर ओळखलं. १९९० च्या दशकात त्याने उटीला मुक्काम हलवला, तिथे हॉटेल काढलं. निर्मात्याने युनिट घेऊन यायचं, त्याच्याच हॉटेलात राहायचं, आजूबाजूच्या डोंगरात शूटिंग उरकायचं. सेट नको, परदेश नको, तारखांची भानगड नको. खर्च एवढा कमी की आमच्यासारख्या गावांतल्या तिकिटांवर पैसे निघायचे, मुंबई-दिल्लीत कोणी बघो न बघो. टी. एल. व्ही. प्रसाद नावाच्या दिग्दर्शकाने त्याला घेऊन असे कितीतरी काढले. त्यातल्या १९९५ च्या 'जल्लाद'साठी मिथुनला चक्क फिल्मफेअर मिळालं, तेही खलनायक म्हणून. आमच्या वहीत 'जल्लाद'पुढे दोन चांदण्या आहेत. फिल्मफेअर आणि आमची वही यांचं एकमत झाल्याची ही एकच नोंद.

त्याचे जुने पिक्चर पण यायचे. 'सुरक्षा' (१९७९), त्यात तो गनमास्टर जी-नाइन. गरिबांचा जेम्स बाँड. मग त्याचाच पुढचा 'वारदात' (१९८१). 'वारदात'मध्ये खलनायक काय करतो, तर लोकांच्या पिकांवर टोळ सोडतो! आता हा पिक्चर आम्ही कुठे बघत होतो, तर ज्यांच्या धानावर त्या वर्षी तुडतुडा पडला होता त्या लोकांमध्ये बसून. घोंगडीतून एक म्हातारबाबा उठून बसला. बराच वेळ टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "मंजे हे कोनी सोडते का बे?" कोणी हसलं नाही. खरंच विचार करण्यासारखा प्रश्न होता तो.

बंगाली कॅम्पमध्ये मिथुनची हवा आमच्याहून जास्त. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६०-७० च्या काळात सरकारने चामोर्शी-मुलचेरा भागात जमिनी देऊन वसवलं होतं. त्यांचा तर तो घरचाच मुलगा.

पण मिथुनची आणि आमच्या जंगलाची खरी गाठ वेगळीच आहे. ती समजायला मला तिशी उलटावी लागली. त्याचा पहिला पिक्चर मृणाल सेनचा 'मृगया', १९७६. त्यात तो कोण? इंग्रजी राजवटीतला एक संथाळ शिकारी. तीरकमठा घेऊन हिंडणारा आदिवासी, बायकोला पळवून नेणाऱ्या सावकाराला मारतो आणि फासावर जातो. पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार. आणि पडद्याबाहेर? तरुणपणी कलकत्त्यात आपण नक्षलवादी चळवळीत होतो हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. पुढे ते सोडलं, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. १९८० साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'द नक्सलाइट्स' नावाचा पिक्चर काढला, स्मिता पाटील आणि मिथुन.

१९८०! आमच्याकडे हे साल वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतात. त्याच वर्षी आंध्रात पीपल्स वॉर स्थापन झाली आणि तिची पहिली दलमं प्राणहिता ओलांडून सिरोंच्यात उतरली. आम्ही जन्मायच्या आधीची गोष्ट. आणि आम्ही १९९५ ला खळ्यात शेकोटीजवळ बसून ज्याच्या फायटिंग मोजत होतो तो माणूस हे दोन्ही करून, सोडून, उटीला हॉटेल चालवत होता. आम्हाला काय ठाऊक. आम्हाला वाटायचं तो फक्त मारतो.

आणि काय मारायचा! जंगलातली फायटिंग असली तर आमच्यात हमखास वाद. निलगिरीच्या सरळसोट झाडांमध्ये खलनायकाचा अड्डा. "हे जंगल नाही बे, हे तं रोपवाटिका होय," असं मास्तर (वय वर्षं बारा) म्हणायचा. मोह नाही, तेंदू नाही, बांबूचं एक बेट नाही. साग असता तरी चाललं असतं. जंगलात माणूस धावतो आणि एकदाही काटा मोडत नाही!

ताई एकदाच तिसऱ्या पिक्चरला थांबली होती. शेवटी उठताना तिने विचारलं, "याच्यातल्या बहिणी मरायलेच असतात का रे?" आम्ही तिला गप्प केलं. पण नंतर वही काढून पाहिली तर तिचं म्हणणं बरोबर होतं. बहीण दिसली, राखी बांधली, गाणं म्हटलं, की अर्ध्या तासात तिचं काहीतरी वाईट होणार आणि मग सूड. वहीत त्यासाठी वेगळा रकाना काढावा असं कोणाच्या मनात आलं नाही. ते आकडे आम्ही मोजलेच नाहीत.

आता हॉस्टेलची गोष्ट. ही टाळत टाळत इथवर आलो.

२००१ ला मी पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. त्याच काळात देशातल्या इंजिनिअरिंग हॉस्टेलांमध्ये 'गुंडा' नावाचा पिक्चर देवासारखा पुजला जाऊ लागला होता. कांती शाह, १९९८, हिरो अर्थात मिथुन. टॉकीजमध्ये कधी आला नि गेला कोणाला कळलं नाही, पण एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फिरत फिरत तो अमर झाला. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगणं कठीण आहे. त्यात प्रत्येक खलनायक कॅमेऱ्यासमोर येतो, यमक जुळवून आपलं नाव आणि गुण सांगतो, आणि मग कामाला लागतो. सगळे संवाद यमकात. आपले मोहन जोशी त्यात आहेत, मुकेश ऋषी आहे, शक्ती कपूर आहे. आमच्या विंगमध्ये पोरं हा पिक्चर पाठ म्हणायची. "इतका वाईट की भारी" असं त्याचं वर्णन. आम्ही तोपर्यंत पिक्चर चांगला किंवा बोगस एवढंच शिकलो होतो. वाईट म्हणून बघायचा, हे मला नवीन होतं. पण मी लवकर शिकलो.

२००३ मध्ये पोलीस मित्र कुठल्याशा भरतीसाठी पुण्यात आला. दोन रात्री माझ्या खोलीवर. दुसऱ्या रात्री विंगमध्ये 'गुंडा' लागला. वीसेक पोरं एका खोलीत, हा मागे खाटेवर, भिंतीला टेकून. मला त्या दिवशी जरा जास्तच चढलं होतं (दारू नव्हे, लोक हसतात त्याची नशा). मी मध्ये पॉज करून सांगायला लागलो की आमच्या गावात लोक हे असले पिक्चर खरे समजून बघतात. व्हीसीआरची नोट सांगितली. टोळवाला म्हातारा सांगितला, आणि त्याचा आवाज काढला. मग वही सांगितली. "माझा एक दोस्त होता, तो फायटिंग मोजायचा," असं म्हणून त्याची बोलायची ढब, त्याचं ते तोंड उघडं ठेवून टीव्हीकडे बघणं, सगळी नक्कल केली. खोली लोळत होती. "होता" म्हणालो मी, तो पाठीमागे बसलेला असताना.

तो पण हसत होता. निदान मला तसं वाटलं. पिक्चर संपला तेव्हा कोणीतरी त्याला विचारलं, तुला कसा वाटला? तो जरा थांबून म्हणाला, "चांगला हाय. हे तं आमच्याकडच्या दंडारीवानी हाय ना. एकेक सोंग येते न आपलं नाव सांगते."

पुन्हा हशा. आणि सगळ्यांत मोठ्याने मी.

सकाळी मी उठायच्या आत तो महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायला निघून गेला होता. पायाचा अंगठा ओढून उठवलं नाही.

तो बरोबर बोलला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं जुनं नाट्य, बाईचं सोंगही पुरुषच घेणार. पात्र येतं ते उगीच येत नाही, स्वतःची ओळख देत, यमकात, प्रेक्षकांकडे तोंड करून. खडी गंमतीतही तेच. तमाशात, उत्तरेकडच्या नौटंकीत पण थोडंफार तेच. ज्या प्रेक्षकाला 'गुंडा' विकायचा होता त्याला ही रीत ठाऊक होती. कांती शाहने हे मुद्दाम केलं असा माझा दावा नाही, संवाद लिहिणाऱ्याने कदाचित सवयीनेच केलं असेल. पण त्या खोलीतल्या वीस जणांत तो पिक्चर कुठल्या घराण्याचा आहे हे एकालाच समजलं होतं, आणि त्यालाच आम्ही हसलो.

व्हीसीआर आला तेव्हा गावातले जाणते म्हणत, आता नाटकं मेली. झालं उलटंच. व्हीसीआर गेला, सीडी गेली, गावोगावच्या टॉकीजना कुलपं लागली, आणि झाडीपट्टीची नाटकं अजून रात्र रात्र चालतात. दिवाळी झाली की सीझन सुरू, मंडईच्या नाहीतर शंकरपटाच्या रात्री नाटक पाहिजेच. नाटक कंपन्यांची ऑफिसं आमच्या वडशातच. नाटकात गाणी, रडारड, विनोद आणि हो, फायटिंग पण! ती आमच्या पिक्चरवरून उचललेली, हे मी शपथेवर सांगतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मास्तरने आम्हा चौघांच्या ग्रुपवर सतरा मेसेज टाकले होते. मास्तर स्वतः दरवर्षी गावच्या मंडळात खलनायक होतो. शाळेतली पोरं बघायला येतात आणि दुसऱ्या दिवशी शिस्तीत बसतात.

पोलीस मित्र पुढे गडचिरोली पोलिसात लागला आणि मग सी-६० मध्ये गेला. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ स्थानिक जवान घेऊन हे पथक उभं केलं, म्हणून ते नाव. जंगल माहीत असलेली, इथली भाषा बोलणारी इथलीच पोरं. २००९ हे वर्ष तिकडे कोणी विसरणार नाही. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरमध्ये भामरागडकडे लाहेरीला १७. लाहेरीची बातमी मी पुण्यात कँटीनमधल्या टीव्हीवर पाहिली. सहा वर्षांत आमचं धड बोलणं नव्हतं. फोन लावत राहिलो, लागेना. चौथ्या दिवशी त्याचाच आला. तो नव्हता त्यात. त्याच्या ओळखीचे होते. मला काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "हो." मग दोघेही गप्प, आणि फोन चालू.

त्यानंतर पुन्हा बोलणं सुरू झालं. पण 'गुंडा' कधी निघाला नाही.

तर भाऊबीजेच्या रात्री, "फायटिंग किती हायेत" वर हसून झाल्यावर, मिलवाल्याने जो पिक्चर लावला तो नेमका 'गुंडा'. त्याला पुण्याचं काही माहीत नाही. मी म्हटलं दुसरा लाव ना. पोलीस म्हणाला, "राहू दे."

दिवाळीच्या आधीच्याच आठवड्यात, १५ ऑक्टोबरला, भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली होती. त्यावर याचं मत विचारायचं मनात होतं. त्याने तो विषय सुरूच होऊ दिला नाही. "सुट्टीवर हाय मी," एवढंच. चिवड्याची थाळी मांडीवर घेऊन तो बघत होता, तोंड थोडं उघडं ठेवून. अगदी मी नक्कल केली होती तसंच.

एका गोळीबाराच्या वेळी मास्तरने विचारलं, खऱ्याचा आवाज असाच असतो का बे?

"नाही," तो म्हणाला. "पहिल्या आवाजाले तं कोनाले समजतच नाही. वाटते, कोठंतरी जाळात बांबू फुटला."

मिलवाल्याने आवाज कमी केला. याने रिमोट घेऊन पुन्हा वाढवला.

मध्यंतराच्या सुमारास ते दोघे चहा करायला खाली गेले. मी म्हटलं, "पुण्याला त्या रात्री मी जे केलं..."

"कोनती रात्र?"

मी सांगायला लागलो तर म्हणाला, "मालूम हाय बे. नक्कल चांगली होती तुही. करून दाखव ना आता."

मला जमेना. खरंच जमेना, एक शब्द फुटेना. तो बघत राहिला, मग म्हणाला, "पन ते दंडारीचं मी बरोबर बोललो होतो ना?"

"हो," म्हटलं. "तूच बरोबर होतास."

"मंग झालं तं." आणि पुढचा पिक्चर सुरू केला.

पहाटे तीनला शेवटच्या मारामारीत ऑटोरिक्षा आल्या तेव्हा मिलवाला झोपला होता. याने त्याचा पायाचा अंगठा ओढून त्याला उठवलं. मग खिशातून मोबाइल काढला, त्यात त्या जुन्या वहीच्या पानांचे फोटो. वहीच नाही, पण पानं आहेत! वाळवी लागायच्या आधी बायकोने काढून ठेवले म्हणे. चौघांनी मिळून 'गुंडा'च्या फायटिंगचा आकडा ठरवला, त्यावरून भांडण झालं, मास्तर म्हणाला थप्पड धरायची नाही, मी पण तेच म्हणालो. शेवटी अकरा लिहिले.

सकाळी घरी आलो तर ताई अंगणात. तिला सगळं सांगितलं, ती मन लावून ऐकत होती, मधेच म्हणाली, "बहीण मेली असंल ना?"

मेली होती.

"पुढच्या भाऊबीजेले मी पन येते माडीवर," ताई म्हणाली. "बहीण वाचते असा एक तरी शोधून ठेवा."

चौघेही शोधतोय. मास्तरने दोन नावं सुचवली होती, दोन्हीत मरते.